पेन गेले, बाटली आली. इन्सुलिनचा हिशेब मात्र चुकू नये

‘नोवो नॉर्डिस्क’ या डॅनिश कंपनीने ह्यूमन इन्सुलिनची पेन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे धोरण स्वीकारले. 2024 मध्ये त्याचा फटका दक्षिण आफ्रिकेला बसला आणि 2025 मध्ये भारतातील रुग्णांपर्यंतही ही बातमी येऊन पोहोचली. बाटलीतले ह्यूमन इन्सुलिन मिळत राहील, असे कंपनीने सांगितले आहे. बातमी वरवर पाहता बाजारातील एका उत्पादनापुरती वाटते. पण इन्सुलिन हे डोकेदुखीच्या गोळीसारखे एकाऐवजी दुसरे घेण्याचे औषध नाही. त्याचे प्रमाण, वेळ आणि टोचण्याचे साधन या तिन्ही गोष्टी शरीराशी थेट बांधलेल्या असतात.

निरोगी माणसाच्या स्वादुपिंडातील बीटा पेशी रक्तातील साखरेवर सतत नजर ठेवून असतात. जेवण झाले की इन्सुलिन वाढते, उपाशीपोटी कमी होते. हे इन्सुलिन प्रथम यकृतात जाते आणि तेथून रक्तात साखर सोडण्याचे काम थोपवते. पुढे स्नायू आणि चरबीच्या पेशींना ते रक्तातील साखर आत घ्यायला लावते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात बीटा पेशी जवळजवळ नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे बाहेरून इन्सुलिन देण्यावाचून गत्यंतर नसते. दुसऱ्या प्रकारात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि कालांतराने त्याचे उत्पादनही घटते.

इंजेक्शनातून दिलेले इन्सुलिन मात्र त्वचेखालील चरबीत जाते. तेथे त्याचे रेणू सहा-सहाच्या गटांत बांधलेले असतात. ते सुटे झाल्याशिवाय रक्तात शिरत नाहीत. म्हणूनच साधे ह्यूमन इन्सुलिन जेवणाच्या सुमारे अर्धा तास आधी घ्यावे लागते. नव्या पिढीच्या ‘अ‍ॅनालॉग’ इन्सुलिनमध्ये रेणूच्या रचनेत किंचित बदल केलेला असतो. त्यातील जलद प्रकार लवकर सुटे होतात आणि जेवणाला बसतानाच घेता येतात.

पेन बंद झाल्यावर रुग्णापुढे दोन वाटा उरतात आणि दोन्हींत खाचखळगे आहेत. पहिली वाट अ‍ॅनालॉगच्या पेनची. ते सहसा महाग असते. शिवाय जुन्या सवयीने टोचून अर्धा तास थांबले, तर जेवण पोटात जाण्याआधीच साखर खाली येऊ शकते. हातापायांना कंप, दरदरून घाम, धडधड, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे. वेळीच साखर दिली नाही तर रुग्ण बेशुद्धही पडू शकतो.

दुसरी वाट बाटली आणि सिरिंजची. येथे खरी मेख आकड्यांत आहे. पेनमधील ह्यूमन इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट या तीव्रतेचे असते, तर भारतात सर्रास मिळणाऱ्या बाटलीत ते 40 युनिट असते. दोन्हींच्या सिरिंजही वेगळ्या: 40 साठी लाल टोपणाची, 100 साठी केशरी टोपणाची. समजा, रुग्णाला 20 युनिट घ्यायचे आहेत. 40 ची बाटली आणि केशरी सिरिंज अशी जोडी झाली, तर 20 च्या खुणेपर्यंत भरूनही शरीरात फक्त 8 युनिट जातात आणि साखर वाढत राहते. याउलट 100 ची बाटली आणि लाल सिरिंज वापरली, तर 20 ऐवजी 50 युनिट जातात. ही चूक जिवावर बेतू शकते. सिरिंज योग्य असेल तर युनिटचा आकडा बाटलीच्या तीव्रतेनुसार वाढवावा किंवा घटवावा लागत नाही. पेनच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन ओढण्याचा मोहही टाळायला हवा.

तिसरी शक्यता देशी उत्पादकांची. वॉकहार्टने 2003 मध्ये आणि बायोकॉनने 2004 मध्ये ह्यूमन इन्सुलिन बाजारात आणले. त्यामुळे एका परदेशी कंपनीच्या निर्णयाने देशातील ह्यूमन इन्सुलिन संपत नाही. मात्र एका कंपनीचे काडतूस दुसरीच्या पेनमध्ये बसेलच असे नाही. कंपनी बदलली की पेनही बदलावे लागू शकते.

टोरांटोमध्ये इन्सुलिनचा शोध लागला तो 1921 मध्ये. संशोधकांनी 1923 मध्ये त्याचे पेटंट विद्यापीठाला अवघ्या एकेका डॉलरला दिले, ते औषध सर्वांना मिळावे म्हणूनच. शंभर वर्षांनंतर कोणते इन्सुलिन कोणत्या साधनात मिळेल, हे बऱ्याच अंशी कंपन्यांचे नफ्याचे गणित ठरवते. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत. त्यांतील सर्वांना इन्सुलिन लागत नाही. पण ज्यांना लागते, त्यांच्यासाठी दुकानातला असा बदल हा उपचारातलाच बदल असतो.

तो बदल औषधाच्या दुकानात परस्पर होऊ नये. नव्या चिठ्ठीवर इन्सुलिनचे पूर्ण नाव, तीव्रता, सिरिंजचा प्रकार आणि जेवणाच्या किती आधी घ्यायचे, या चार गोष्टी डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्याव्यात. पहिले काही दिवस घरी साखर अधिक वेळा तपासावी. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे घरातल्या आणखी एकाने दर वेळी पाहिले, तर मोठा अनर्थ टळतो.