भावी कॅमेरा आणि वर्गाचें छायाचित्र

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. वार्षिक अंक नुकताच वांटला होता. वैनगंगेपलीकडील एका खेड्यांतून एक आजी नातीच्या कांहीं कामासाठीं शाळेंत आल्या होत्या. अंकांतील वर्गाच्या छायाचित्रावर बोट ठेवून त्यांनीं मला विचारलें, “माही नात कोनती हाये जी, मास्तर?” मीं चित्र डोळ्यांजवळ नेलें, चष्मा पुसला, आणि मलाहि तें सांगतां आलें नाहीं. चित्र भर दुपारीं काढलेलें. पुढच्या रांगेंतील मुलांचे सदरे उन्हांत असे चकाकत होते कीं, त्यांवरच्या घड्या व गुंड्या नाहींशा होऊन कोऱ्या कागदाचे तुकडे चिकटविल्यासारखे ते दिसत. मागची रांग कडुनिंबाच्या सावलींत उभी होती. तेथें केस, कपाळ व गाल मिळून एकेक काळा डाग झाला होता. ती मुलगी रोज पहिल्या बाकावर बसे. तिचा चेहरा मला पाठ होता. कॅमेऱ्याच्या चित्रांत मात्र तो नव्हता.

तेव्हांपासून कॅमेऱ्यांच्या जाहिराती लक्षपूर्वक वाचण्याची मला खोड लागली आहे. ह्या जाहिरातींचा सारा भर पिक्सेलांच्या संख्येवर असतो. पिक्सेल म्हणजे चित्राचे बारीक कण, व दहा लक्ष कणांचा एक मेगापिक्सेल. पन्नास मेगापिक्सेल, शंभर मेगापिक्सेल; आतां मोबाइलांतहि दोनशेंची मजल गांठली आहे. परंतु आमच्या त्या चित्रांत कणांची वानवा नव्हतीच. त्या काळ्या डागांतहि हजारों कण होते, आणि ते सगळे काळेच होते. तेव्हां उद्यांचा कॅमेरा कसा असावा असें कोणीं मला विचारलें, तर कण वाढवूं नका, उजेडाचा आवाका वाढवा, असें मी सांगेन. आणि तेवढ्यानेंहि भागणार नाहीं, असें कां म्हणतों तें पुढें येईलच.

विद्यार्थिमित्रहो, आपला जिल्हा तलावांचा व बोड्यांचा असल्यामुळें हा विषय तुम्हांस समजणें कठीण नाहीं. कॅमेऱ्यांत पूर्वीं जेथें फिल्म असे तेथें आतां सिलिकॉनची एक चपटी तबकडी असते. तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर लक्षावधि सूक्ष्म बोड्या खणल्या आहेत अशी कल्पना करा. उजेड पडला कीं ह्या बोड्यांत पाण्याऐवजीं इलेक्ट्रॉन सांठतात, आणि प्रत्येक बोडींतील सांठा मोजून चित्र सिद्ध होतें. बोडी कांठोकांठ भरल्यावर पुढचा पाऊस वाहूनच जातो. मग तो थोडा अधिक पडला काय किंवा दसपट पडला काय, मोजणारास भरलेली बोडीच दिसते. सदऱ्यांचा तो कोरा पांढरेपणा तो हाच. उलटपक्षीं तळाशीं पाणी इतकें थोडें असलें कीं तें चिखलापासून वेगळें ओळखूं येऊं नये, तर माप खोटें ठरतें; हा सावलींतला काळा डाग. भरलेली बोडी आणि ओळखूं येईल असें अगदीं थोडें पाणी, ह्यांमधील प्रमाणास डायनॅमिक रेंज हें नांव आहे. त्यासच मीं वर उजेडाचा आवाका म्हटलें. तो ‘स्टॉप’ ह्या मापानें सांगतात. दर स्टॉपास प्रमाण दुप्पट होतें. म्हणजे चौदा स्टॉपांचा आवाका १६,३८४ पटींचा झाला.

ह्या विद्येचें वय फार नाहीं. उजेड विद्युद्रूपानें सांठविणारी सीसीडी नांवाची रचना अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ ह्यांनीं १९६९ सालीं शोधली. तीबद्दल २००९ सालच्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकांत त्यांस वांटा मिळाला. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन ह्या तरुण इंजिनिअरानें पहिला हातांत धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचें चित्र अवघ्या दहा हजार कणांचें, आणि तेवढें कॅसेटीवर उतरावयास २३ सेकंद लागत.

आतां पुढें काय येणार? बोडी मोठी करावी हा उघड उपाय. परंतु मोबाइलाच्या पोटांत जागा कोठून आणावी? आजवर उजेड झेलणारा भाग आणि त्याचा सांठा हाताळणारे ट्रान्झिस्टर एकाच थरांत शेजारीं शेजारीं असत. जणूं बोडीच्याच जागेंत राखणदाराची झोपडी. २०२१ च्या डिसेंबरांत सोनी कंपनीनें ही झोपडी वेगळ्या थरांत हलविण्याची रीत जाहीर केली. तीमुळें त्याच जागेंत सुमारें दुप्पट सांठा मावूं लागला, आणि २०२३ सालीं असा सेन्सर मोबाइलांत आलाहि. दुसरी युक्ति सांडव्याची. बोडी भरून वाहूं लागली कीं तें पाणी फुकट न घालवितां बाजूच्या टांक्यांत घ्यावयाचें व शेवटीं दोन्ही मिळून मोजावयाचें. जपानांतील तोहोकू विद्यापीठाचे शिगेतोशी सुगावा व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००५ सालीं ही युक्ति मांडली; ओम्निव्हिजन कंपनीनें २०२४ सालीं ती मोबाइलाच्या सेन्सरांत आणली. माझा तर्क असा आहे कीं, थोड्याच वर्षांत हा सांडवा बेताच्या किंमतीच्या मोबाइलांतहि येईल, आणि दुपारच्या उन्हांतले सदरे पूर्वींसारखे कोरे होणार नाहींत.

मात्र ह्या व्यवहारांत फुकट कांहींच मिळत नाहीं. २०२३ सालीं जाहीर झालेल्या सोनीच्या एका कॅमेऱ्यांत सगळ्या बोड्या एकाच क्षणीं मोजण्याची सोय आहे, त्यामुळें धांवत्या वस्तूचें चित्र वांकडें होत नाहीं. परंतु त्यासाठीं आवाक्यांतून थोडें द्यावें लागलें. आणि चिखल कितीहि काढला तरी पाऊसच सर्वत्र सारखा पडत नाहीं. जेथें सरासरीनें शंभर थेंब पडावयाचे तेथें कधीं नव्वद पडतात, कधीं एकशेंदहा. उजेडाचेंहि तसेंच. कमी उजेडांतील चित्र खरबरीत दिसतें तें बव्हंशीं ह्यामुळें, आणि त्यावर कोणत्याहि कारखान्यांत औषध नाहीं. कोक्याच्या किंवा नागझिऱ्याच्या जंगलांत बांबूखालच्या अंधारांत वाघाचें चित्र घेणारे हौशी लोक हें जाणून असतात.

परंतु मुख्य गोष्ट पुढेंच आहे. भर दुपारीं उन्हाचा उजेड एक लक्ष लक्सच्या घरांत असतो, झाडाच्या सावलींतला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्यांत पांढरें कापड व काळे केस ह्यांतील फरक मिळविला, तरी आमच्या वर्गाच्या चित्रांत कांहीं शेंकडे पटींचेंच अंतर होतें. चौदा स्टॉपांचे कॅमेरे आज बाजारांत आहेत. त्यांच्या पोटांत असे वर्ग किती तरी मावतील. अडतें तें छपाईच्या कागदावर. गुळगुळीत चांगल्या कागदावरहि सर्वांत पांढऱ्या व सर्वांत काळ्या जागेंत फार तर शंभरएक पटींचें अंतर असतें, आणि आपल्या अंकाच्या कागदावर त्याहून पुष्कळ कमी. ह्यास्तव सेन्सरनें कितीहि टिपलें तरी छापतांना कोणीतरी आवळलेंच पाहिजे. कोठें आवळावयाचें, सदऱ्यावर कीं चेहऱ्यावर, हें ठरवावें लागतें. पूर्वीं तें अंधाऱ्या खोलींतला फोटोग्राफर ठरवी. आतां तें कॅमेऱ्यांत भरलेली आज्ञावली ठरविते, आणि ती लिहिणाऱ्यानें आमच्या वर्गांतील मुलें कधीं पाहिलेलीं नसतात.

ह्याचाहि अनुभव आम्हांस आला. पुढच्या वर्षीं एका नव्या मोबाइलानें चित्र घेतलें. हीं यंत्रें एका चित्रासाठीं अनेक चित्रें भराभर घेऊन तीं एकमेकांत मिसळतात. ह्या वेळीं सावलींतील रांग स्पष्ट आली; पण प्रत्येक चेहरा पिठूळ व गोरटेला, गाल गुळगुळीत, कपाळावरचे व्रण पुसलेले. त्याच आजींस मीं मोठ्या उत्साहानें नात दाखविली. त्यांनीं बराच वेळ पाहून म्हटलें, “हे माही नात नाही होय जी.” त्यांचें म्हणणें मला खोडतां आलें नाहीं.

ही खोड नवी नाहीं. रंगीत फिल्मच्या काळीं रंग जुळविण्यासाठीं कोडॅककडून एका गोऱ्या बाईचें नमुनाचित्र प्रयोगशाळांस जात असे. शर्ली कार्ड ह्या नांवानें तें ओळखलें जाई. तें चित्र नीट आलें म्हणजे सगळें नीट आलें, असा समज. सांवळे लोक त्या मापांत बसत नसत, आणि दोष त्यांच्या कातडीस लागे. २०२१ सालीं गूगल कंपनीनें आपल्या मोबाइलांत सांवळे व काळे वर्ण खरे यावेत म्हणून मुद्दाम सुधारणा केली. म्हणजे चूक चुकीच्या ठिकाणीं होती, हें कारखानदारांच्याहि लक्षांत आलें आहे. पंधरा स्टॉप, सोळा स्टॉप ह्या पुढें येणाऱ्या घोषणांचें मी स्वागतच करीन. परंतु मोबाइल घेतांना पालकांनीं दुकानांतच घरांतील सर्वांत सांवळ्या माणसास पांढरा सदरा घालून दारांत उभें करावें, चित्र घ्यावें, आणि माणूस व चित्र शेजारीं धरून पाहावें. जाहिरातींतील कोणत्याहि आंकड्यापेक्षां ही परीक्षा मला अधिक भरंवशाची वाटते. चेहरे आपोआप उजळण्याची सोय असेल तर ती बंद करतां येते कीं नाहीं, हेंहि विचारावें.

असो. यंदाचें चित्र सकाळीं साडेसातास उत्तरेकडील पडवींत घ्यावें, असें मीं सुचविलें आहे. तेथें ऊन येत नाहीं आणि पुढच्या-मागच्या रांगेवर उजेड सारखा पडतो. त्या दिवशीं सदऱ्यांस नीळ जरा बेतानें द्यावी, एवढी पालकांस विनंती. छापखान्यांतून कच्चें चित्र आल्यावर तें प्रथम त्या आजींकडे नेण्याचा माझा विचार आहे. त्यांची नात आतां दहावींत आहे.