स्टॅम्प पेपरवरची फारकत कोणाच्या सोयीची?

वस्तीत नवरा-बायकोचं बिनसलं की चार जाणती माणसं बसतात. स्टॅम्प पेपरवर सह्या, नोटरीचा शिक्का, झाले मोकळे! कोणीही मोकळं होत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे (नाव खटकतं, मलाही खटकतं) आणि त्यात घटस्फोट न्यायालय देतं. रूढीची फारकत कलम २९ मानतं खरं, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. १९५६ ला जातीच्या रूढी सोडल्या म्हणणाऱ्यांनी नेमकी हीच का जपली? कारण त्याच कागदावर तिच्याकडून 'पोटगी मागणार नाही' असं लिहून घेता येतं. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या फोटोखाली ही बैठक भरते!

'वकील परवडत नाही' ही सबबही खोटी. १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२ स्त्रियांना आणि अनुसूचित जातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील देतं. अर्ज जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात करायचा. लग्नाचा पुरावा आणि त्याच्या कमाईचा जो कागद हाती लागेल तो सोबत घ्या. खटला चालू असतानाच कलम २४ खाली पोटगी आणि खर्च मागायला वकिलाला सांगा. कोऱ्या कागदावर सही मात्र वकिलालाही देऊ नका.

पुढच्या बैठकीत कोणी स्टॅम्प पेपर काढला, तर आपल्या बहिणीला तिथून उठवा आणि प्राधिकरणात घेऊन जा.