सोळापैकी पंधरा

मोटार शर्यतींच्या शौकिनांमध्ये एक वाद आहे आणि तो काही केल्या मिटत नाही. १९८८ सालच्या फॉर्म्युला वन मोसमात १६ शर्यती झाल्या. त्यांतल्या १५ एकट्या मॅक्लारेन संघाने खिशात घातल्या. आठ ब्राझीलच्या आयर्टन सेनाने, सात फ्रान्सच्या अॅलन प्रॉस्टने. याला पराक्रम म्हणायचे, की खेळाचा बोऱ्या वाजला असे म्हणायचे? कोण जिंकणार हे आधीच ठाऊक असेल, तर दोन तास टीव्हीपुढे बसायचे तरी कशासाठी?

सगळे श्रेय इंजिनाला देऊन मोकळे होणारे पुष्कळ आहेत. होंडाचे टर्बो इंजिन होते, मग जिंकणारच, असा त्यांचा हिशेब. प्रत्यक्षात त्या वर्षीचे नियम टर्बोचा गळा आवळण्यासाठीच केलेले होते. दुसऱ्या वर्षापासून टर्बोवर बंदी यायची होती, आणि जाता जाता त्याचा दाब अडीच बारवर आणून अख्ख्या शर्यतीला फक्त १५० लिटर इंधन ठरवून दिले होते. साध्या इंजिनांना इंधनाची मर्यादाच नव्हती. शर्यत साधारण ३०० किलोमीटरची, म्हणजे लिटरला दोन किलोमीटर. गाडी घेताना ‘अॅव्हरेज किती देते?’ हा पहिला प्रश्न विचारणाऱ्या आपल्या लोकांना हा आकडा ऐकून घेरी येईल. पण त्या वेगाला तेवढ्यात भागवणे हीच त्या वर्षाची खरी परीक्षा होती. फेरारीचे टर्बो इंजिन तहानलेले निघाले. होंडाने मात्र अवघ्या एका वर्षाच्या नियमांसाठी नव्याने खर्च आणि खटपट केली.

आणि इंजिनच सर्व काही असते, तर लोटसचे काय? तेच होंडा इंजिन लोटसकडेही होते, वर आदल्या वर्षीचा जगज्जेता नेल्सन पिके चालवायला होता. इमोलाच्या शर्यतीत पिके तिसरा आला खरा, पण सेना आणि प्रॉस्ट या दोघांनीही त्याला पूर्ण एका फेरीने मागे टाकले होते. लोटसला त्या वर्षी एकही शर्यत जिंकता आली नाही. म्हणजे गाडीची बांधणीच वेगळी होती. तिचे श्रेय स्टीव्ह निकोल्स यांना द्यायचे, की जमिनीलगत बसक्या गाडीची कल्पना आधीच्या संघातून घेऊन आलेल्या गॉर्डन मरे यांना, यावर आजही दोन तट आहेत. यशाला बाप फार असतात.

माझी उमेदीची वर्षे बँकेच्या खातेवह्यांत गेली, त्यामुळे मला या मोसमात सर्वांत जास्त गंमत वाटते ती गुणांच्या हिशेबाची. प्रॉस्टने १४ शर्यती पूर्ण केल्या. सात वेळा पहिला, सात वेळा दुसरा. पहिल्याला नऊ गुण, दुसऱ्याला सहा; एकूण १०५. सेनाचे सगळे मिळून ९४. आणि जगज्जेता झाला सेना! कारण नियम असा की, सर्वोत्तम ११ निकालच धरायचे. प्रॉस्टचे तीन दुसरे क्रमांक वजा होऊन ८७ उरले; सेनाचे चारच गुण गळाले आणि ९० राहिले. पैसे जमा आहेत, पण काढता येत नाहीत, अशा खातेदाराची मुद्रा मी काउंटरच्या आतून पुष्कळदा पाहिली आहे. तरीही मला हा अन्याय वाटत नाही. नियम पहिल्या शर्यतीपूर्वी छापलेला होता आणि दोघांना सारखाच लागू होता. जपून दुसरा येण्यापेक्षा जिंकण्याला किंमत द्यायची, हा त्याचा हेतू. १९९१ पासून सगळे निकाल धरू लागले, ही गोष्ट निराळी.

आता नव्या पिढीचा आक्षेप. माझा भाचा म्हणतो, ‘मामा, तुमचे मॅक्लारेन विसरा. २०२३ साली रेड बुलने २२ पैकी २१ जिंकल्या.’ आकडा बिनचूक आहे. शेकडेवारीत ९३.७५ विरुद्ध ९५.४५, विक्रम मोडलाच. पण त्या २१ पैकी १९ एकट्या मॅक्स वर्स्टॅपनच्या. त्याचे ५७५ गुण आणि त्याच गाडीत बसणाऱ्या सर्जिओ पेरेझचे २८५, म्हणजे निम्मेही नाहीत. ती एकट्याची मिरवणूक होती. १९८८ मध्ये एका छपराखाली दोन सिंह होते. मोनॅकोत सेना जवळजवळ मिनिटभराच्या आघाडीवर असताना स्वतःच कठड्यावर जाऊन आदळला आणि प्रॉस्ट जिंकला. सुझुकाला सुरुवातीलाच सेनाची गाडी बंद पडल्यासारखी झाली, तो चौदावा गेला, आणि तेथून एकेकाला मागे टाकत प्रॉस्टलाही गाठून त्याने अजिंक्यपद घेतले. संघ एकच, पण कोण जिंकणार हे कुठे ठाऊक होते? बाकीचे संघ दुबळे झाले होते हे मात्र मान्य केले पाहिजे. होंडा गेल्यामुळे विल्यम्सची तर पार रया गेली होती.

हातून निसटलेली सोळावी शर्यत होती इटलीत, मोंझाला. एन्झो फेरारी वयाच्या नव्वदाव्या वर्षी १४ ऑगस्टला वारले होते. त्याला महिनाही झाला नव्हता. प्रॉस्टच्या इंजिनाने दगा दिला. सेना पुढे होता, दोनच फेऱ्या उरल्या होत्या, आणि एका फेरीने मागे असलेल्या श्लेसरच्या विल्यम्सला ओलांडताना दोघांची टक्कर झाली. आजारी मॅन्सेलच्या जागी श्लेसर बदली म्हणून आलेला! गेऱ्हार्ड बर्गर पहिला, मिकेले अल्बोरेतो दुसरा, दोघेही फेरारीचे. इटलीत याला योगायोग म्हणणारा माणूस त्या संध्याकाळी शोधूनही सापडला नसता. गंमत अशी की, २०२३ मध्ये रेड बुलच्या हातून सुटलेली एकमेव शर्यतही, सिंगापूरची, फेरारीच्याच कार्लोस साईंझने नेली.

दोन सिंहांचे पुढे व्हायचे तेच झाले. १९८९ मध्ये टर्बो गेले, तरी मॅक्लारेनने १६ पैकी १० शर्यती जिंकल्या. त्याच वर्षी सुझुकाच्या वळणावर सेनाने आत घुसायचा प्रयत्न केला, प्रॉस्टने दार लावून घेतले, आणि एकाच संघाच्या दोन गाड्या एकमेकींत अडकून रस्त्यातच उभ्या राहिल्या. प्रॉस्ट पट्टा सोडून उतरला. अजिंक्यपद त्याला मिळाले, आणि पुढच्या मोसमात तो फेरारीच्या लाल गाडीत बसलेला दिसला.