प्रोमेगँटेरिऑन : साधने अपुरी होती, प्राणी नव्हता

#थ्रेड

१/
इतिहासात 'आद्य', 'पूर्व', 'प्रारंभिक' ही विशेषणे निरुपद्रवी वाटतात. पण त्यांच्यात एक निकाल दडलेला असतो : खरी गोष्ट पुढे घडली, हा केवळ तिचा पाया. सुमारे ९० लाख वर्षांपूर्वी आजच्या स्पेनमध्ये वावरणाऱ्या एका खड्गदंती मार्जाराने हा निकाल दीडशेहून अधिक वर्षे भोगला. तो निकाल कसा लागला आणि तो का रद्द व्हावा, याविषयी.

२/
आधी नावाचा खुलासा. इंग्रजीच्या प्रभावाने मराठीतही 'खड्गदंती वाघ' असे म्हटले जाते. परंतु वाघाशी या प्राण्यांचे नाते फार दूरचे आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासानुसार, खड्गदंतींची शाखा आजच्या मार्जारांच्या शाखेपासून सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. वाघ, सिंह, बिबट्या आणि घरातली मनी एकीकडे, खड्गदंती दुसरीकडे. म्हणून येथे 'मार्जार' हाच शब्द वापरला आहे.

३/
या शाखेतील सर्वांत प्रसिद्ध नाव स्मायलोडॉनचे. लॉस एंजेलिसमधल्या ला ब्रेआच्या डांबरकुंडांतून त्याची असंख्य हाडे निघाली. त्याच्या अखेरच्या पिढ्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीपर्यंत हयात होत्या, म्हणजे माणसाने त्याला पाहिले होते. लांबलचक सुळ्यांचे हे जनावर चित्रपटांत आणि संग्रहालयांत इतके ठसले, की त्याच्या आधीचे सारे खड्गदंती त्याच्या तयारीत गुंतलेले उमेदवार वाटू लागले.

४/
या शाखेची पहिली ओळखच चुकीची झाली होती. १८२४ मध्ये जॉर्ज क्युव्हिए या श्रेष्ठ फ्रेंच शास्त्रज्ञाने असे चपटे सुळे अस्वलाचे ठरवले. जर्मनीतील डार्मश्टाट येथील योहान याकोब काउप यांनी १८३३ मध्ये ते मार्जारवर्गीय प्राण्याचे आहेत हे ओळखून 'मॅकायरोडस' ही प्रजाती स्थापली. ग्रीक भाषेत 'मॅकायरा' म्हणजे आखूड तलवार.

५/
त्याच काउप यांनी आदल्या वर्षी, १८३२ मध्ये, ऱ्हाइनलगतच्या प्रदेशातील एपेल्सहाइम येथे सापडलेल्या अवशेषांवरून 'फेलिस ओजिजिया' या जातीचे वर्णन केले होते. ग्रीक भाषेत 'ओजिजिओस' म्हणजे अतिप्राचीन, आदिकाळचा. आपल्या कथेचा नायक तो हाच. त्याच्या पहिल्या नावातच वयाचा उल्लेख होता, स्वभावाचा नव्हता.

६/
पुढे नावे बदलत गेली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील गाय पिलग्रिम यांनी १९१३ मध्ये कोलकात्याहून निघणाऱ्या त्या संस्थेच्या नियतकालिकात 'पॅरामॅकिरोडस' ही प्रजाती मांडली. 'पॅरा' म्हणजे शेजारचा : मॅकायरोडसच्या शेजारचा. काउप यांची जातीही पुढे दीर्घकाळ याच प्रजातीत धरली गेली.

७/
१९३८ मध्ये हंगेरीचे मिक्लोश क्रेत्सोई यांनी 'ओजिजिया'साठी निराळे नाव सुचवले : 'प्रोमेगँटेरिऑन', म्हणजे मेगँटेरिऑनच्या आधीचा. २०१० मधील फेरतपासणीने हे वेगळेपण पुन्हा प्रस्थापित केले. म्हणजे आधी अतिप्राचीन, मग कुणाच्या तरी शेजारचा, शेवटी कुणाच्या तरी आधीचा. तीन नावे मिळाली. स्वतःविषयी सांगणारे एकही नाही.

८/
ज्या मेगँटेरिऑनच्या सावलीत त्याला उभे केले गेले, त्याची एक शाखा भारतातही होती. शिवालिक टेकड्यांतील जीवाश्मांचा मोठा साठा ह्यू फॅल्कनर आणि प्रोबी कॉटली यांच्याकडून ब्रिटिश म्युझियमकडे गेला होता. १८८० मध्ये प्रमथनाथ बोस या तरुण बंगाली भूवैज्ञानिकाने त्या संग्रहातून एका खड्गदंतीचे वर्णन केले. तोच आज मेगँटेरिऑन प्रजातीत गणला जातो. मयूरभंजमधील लोहखनिजाविषयी १९०४ मध्ये जमशेटजी टाटांना पत्र लिहिणारे बोस ते हेच.

९/
नावे वाढली, पुरावा मात्र वाढला नाही. १८३२ पासून १९९१ पर्यंत, म्हणजे १५९ वर्षे, 'ओजिजिया'ची ओळख दात आणि हाडांच्या तुटपुंज्या तुकड्यांपुरतीच होती. इतक्या तुकड्यांवरून प्राण्याचे शरीर उभे राहत नाही. ती रिकामी जागा मग पुढच्या प्राण्याची आठवण भरून काढते : सुळे जरा आखूड असतील, ताकद जरा कमी असेल, शिकारीचे तंत्र जरा कच्चे असेल. साधनांचे अपुरेपण असे हळूच विषयाचे अपुरेपण होऊन बसते.

१०/
जुलै १९९१ मध्ये चित्र पालटले. माद्रिदच्या दक्षिणेस तोर्रेहोन दे वेलास्को गावाजवळ 'सेरो दे लोस बातायोनेस' नावाची टेकडी आहे. तेथे सेपिओलाइट या मातीसारख्या खनिजाचे खाणकाम चालू असताना जीवाश्म उघडे पडले. सेपिओलाइटचा एक मोठा उपयोग म्हणजे पाळीव मांजरांच्या मलपात्रात घालावयाची शोषक भुकटी. मांजरांसाठी खणताना मार्जारांचा इतिहास हाती लागला!

११/
टेकडीच्या पोटात पाण्याने कोरलेल्या पोकळ्या होत्या. आत पडलेला प्राणी बाहेर येऊ शकत नसे, आणि त्याच्या वासाने नवे मांसभक्षक आत उतरत. म्हणूनच 'बातायोनेस-१' या स्थळी मोठ्या सस्तन प्राण्यांच्या अवशेषांपैकी सुमारे ९८ टक्के मांसभक्षकांचे आहेत. त्या काळी रानात हरणांपेक्षा शिकारी अधिक होते, असे कुणी यावरून म्हणेल काय? सापळ्याने निवड केली होती. दफ्तरखान्यात टिकलेले कागद आणि एकेकाळी लिहिले गेलेले कागद यांत जे अंतर असते, तेच हे अंतर. साधनचिकित्सा हाडांनाही लागू पडते.

१२/
ही मर्यादा ध्यानात ठेवूनही लाभ मोठा होता. प्रोमेगँटेरिऑनचे जवळजवळ संपूर्ण सांगाडे, तेही अनेक, प्रथमच हाती आले. मानुएल सालेसा, माउरिसिओ आंतोन, होर्हे मोरालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवटी, मान आणि पाय यांचा बारकाईने अभ्यास केला. हे जनावर साधारण लहान बिबट्याएवढे होते. दुरून पाहणाऱ्याला त्यात फारसे विलक्षण काही वाटलेही नसते. वेगळेपण सुळ्यांत, मानेत आणि पंज्यांत होते.

१३/
आजच्या मार्जारांचे सुळे गोलसर, शंकूसारखे असतात. प्रोमेगँटेरिऑनचे वरचे सुळे लांब आणि दोन्ही बाजूंनी चपटे होते. असा सुळा खोल शिरतो. परंतु भक्ष्याने हिसका दिला किंवा आडवे हाड लागले, तर तो मोडण्याचा धोका असतो. म्हणजे चपट्या सुळ्याला स्थिर भक्ष्य हवे. भक्ष्य स्थिर करायचे कुणी?

१४/
उत्तर पुढच्या पायांत आहे. ते बळकट होते आणि अंगठ्याचे नख चांगलेच मोठे होते. भक्ष्याला जमिनीवर दाबून धरायचे आणि मगच गळ्यावर नेमका चावा घ्यायचा, असे हे तंत्र. डोके खाली ओढणाऱ्या मानेच्या स्नायूंच्या खुणाही त्याला दुजोरा देतात. कवटीची बरीचशी ठेवण जुन्या वळणाची राहिली, झाडावर चढण्याची क्षमताही टिकली. पण दात, मान आणि पंजा यांची जोडणी कामापुरती पूर्ण होती.

१५/
सुळे लांबले ते अधिकाधिक मोठी जनावरे पाडण्यासाठी, ही लोकप्रिय समजूत. स्पॅनिश अभ्यासकांनी वेगळे स्पष्टीकरण मांडले : आरंभी लाभ वेगाचा होता. आजचा बिबट्या भक्ष्याचा गळा दाबून ते गुदमरेपर्यंत धरून ठेवतो, आणि त्या काळात लाथ वा शिंग लागू शकते. गळ्यातल्या रक्तवाहिन्या पटकन तुटल्या तर श्रम वाचतात आणि इजाही टळते. लहानशा शिकाऱ्याला हा लाभ त्याच दिवशी मिळत होता. त्यासाठी स्मायलोडॉनची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

१६/
त्याचे शेजारही सोपे नव्हते. त्याच टेकडीत मॅकायरोडस ॲफॅनिस्टस हा कितीतरी मोठा खड्गदंती सापडतो. दातांतील कार्बनच्या समस्थानिकांवरून २०१३ मध्ये निष्कर्ष निघाला, की हे दोघेही झाडीच्या प्रदेशात शिकार करीत. अस्वल आणि कुत्रा यांच्या मधला भासणारा तिसरा मोठा मांसभक्षक त्या मानाने मोकळ्या भागात. बलाढ्य भाऊबंद जवळ असतानाही धाकट्याने आपली जागा राखली होती.

१७/
आणखी एक निरीक्षण. बिबट्यांमध्ये नर मादीपेक्षा बराच मोठा असतो. प्रोमेगँटेरिऑनमध्ये हा फरक कमी दिसतो. त्यावरून नरानरांतील स्पर्धा तुलनेने सौम्य असावी आणि प्रौढ नर आपल्या हद्दीत तरुण नरांना काही काळ खपवून घेत असावेत, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला. हा अंदाजच आहे. तरीही 'कुणाच्या तरी आधीचा' एवढ्याच ओळखीतून बाहेर पडल्यावरच असा प्रश्न विचारता येतो.

१८/
उलट टोकाची चूकही ओळखून ठेवावी. खड्गदंतींचे सुळे अनावर वाढत गेले आणि त्यांनीच वंशाचा घात केला, अशी बोधकथा एकेकाळी शास्त्रीय लेखनातही चालत असे. अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी १९४१ मध्ये तिचे खंडन केले. ज्या शस्त्रांवर खड्गदंती कोट्यवधी वर्षे जगले, त्यांना आत्मघातकी म्हणणे तर्काला धरून नाही. एक कथा आरंभीच्यांना अपुरे ठरवते, दुसरी शेवटच्यांना उन्मत्त. दोन्हींत निकाल आधी लागतो, पुरावा मागून येतो.

१९/
यावर एक रास्त आक्षेप येईल. क्रम तर खरा आहे ना? मेगँटेरिऑन नंतर आला, आणि प्रोमेगँटेरिऑन त्याच्या पूर्वजांच्या निकटचा मानला जातो. शिवाय पुढच्या प्राण्यांचे पंजे ठाऊक नसते, तर या अंगठ्याच्या नखाचे महत्त्व कळले असते का? आक्षेप मान्य करावाच लागतो. तुलना आवश्यकच आहे. पण तुलनेने प्रश्न सुचावेत; गुणपत्रक तयार होऊ नये. 'हा कशाच्या आधी आला?' हा कालक्रमाचा प्रश्न आहे, आणि 'हा कसा जगला?' हा इतिहासाचा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा सुटत नाही.

२०/
बातायोनेसच्या खड्ड्यात उतरलेल्या त्या जनावराला मेगँटेरिऑन ठाऊक नव्हता. त्याला खालून येणारा वास ठाऊक होता आणि भूक ठाऊक होती. नाव समर्पक नाही, एवढ्याच कारणाने वैज्ञानिक नाव बदलता येत नाही, नामकरणाचे नियम तसे आहेत. वाचण्याची पद्धत मात्र बदलता येते. यापुढे एखाद्या राजवटीला, भाषेला किंवा जनावराला 'आद्य' म्हटलेले दिसले, की तरुण अभ्यासकाने एवढेच विचारावे : हे अपुरे होते, की त्याची साधने अपुरी होती?