डीपी फक्त आकड्यांमुळं जळत नाही! रात्रीच्या उकाड्याचाही हिशोब धरा

उन्हाळ्यात डीपी जळाली की पारावर एकच चर्चा, कोणीतरी आकडा टाकला असणार. आकड्यांचा लोड असतोच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आता त्याच्या जोडीला रात्रीचा उकाडा आलाय, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

डीपीत तेल असतं. आतली कॉईल तापली की तिची उष्णता तेल घेतं आणि बाहेरच्या हवेनं ते तेल थंड होतं. दिवसभर तापलेली डीपी रात्री निवायची. आता रात्रीची हवाही गरम, आणि नेमके त्याच वेळी घरोघरी पंखे-कूलर चालू. तेलानं निवायचं कधी? कॉईलवरचा कागद मर्यादेपेक्षा जास्त तापला की पुढच्या दर 6 अंशांना त्याच्या खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे डीपी जळालेली एका रात्रीत दिसते, पण ती आधीचे दोन-चार उन्हाळे आतून भाजत आलेली असते. त्यात तेल कमी असेल तर संपलंच.

हे झालं गावातलं. वर, वीज तयार करणाऱ्यांचं गणितही हवामानानं बिघडवलंय. पावसाळ्यात मोटारी बंद राहतात, विजेची मागणी उतरते, म्हणून औष्णिक केंद्रांतले संच त्या काळात दुरुस्तीला काढायची पद्धत आहे. 2023 साली काय झालं? 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट निघाला. पिकं वाचवायला लोकांनी भर पावसाळ्यात मोटारी चालू केल्या. 1 सप्टेंबर 2023 ला देशाची मागणी सुमारे 2 लाख 40 हजार मेगावॅटवर गेली. ही वेळ खरं तर मागणी उतरण्याची. पुढच्या उन्हाळ्यात, 30 मे 2024 ला, आकडा 2 लाख 50 हजारावर पोचला.

आणि वीज तयार करायला पाणी लागतं, हे मराठवाड्याला वेगळं सांगायची गरज नाही. 2015 च्या जुलैत परळीचं औष्णिक केंद्र बंद पडलं ते कोळशाअभावी नाही, पाण्याअभावी. 1130 मेगावॅटचे संच गप्प उभे. कोरड्या वर्षी शेतकऱ्याला वीज जास्त लागते आणि त्याच वर्षी केंद्राला पाणी मिळत नाही. दोन्ही मार एकाच वेळी बसतात, पण नियोजन अजून सरासरी पावसावर चालतं.

मग सोलर? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत 16 हजार मेगावॅटचं उद्दिष्ट आहे आणि दिवसा पाणी देता येणं ही मोठी गोष्ट आहे. साप-विंचवाच्या भीतीनं रात्री दारं धरणाऱ्याला विचारा. शिवाय शेतीचा लोड दिवसावर गेला की रात्रीचा ताणही हलका होतो. पण घरातल्या कूलरचा लोड राहतोच, आणि तो सूर्य मावळल्यावरचा. साठवणुकीची सोय झाल्याशिवाय त्याला सोलरचा उपयोग नाही. दुसरं म्हणजे कडक उन्हात पॅनल जास्त वीज देतं, हा समज अर्धवट आहे. प्रकाश जास्त हवा, उष्णता नको. पॅनल 25 अंशांच्या वर तापलं की दर अंशाला उत्पादन साधारण 0.4 टक्क्यानं घटतं. मे महिन्यात पॅनल 60-65 अंशांवर जातं, म्हणजे 15 टक्क्यांच्या आसपास वीज तिथंच गेली.

गावाच्या हातात मोठ्या गोष्टी नाहीत, पण एक आहे. डीपी बसवताना जोडण्या किती होत्या आणि आज किती आहेत, हा हिशोब ग्रामसभेत लेखी मागता येतो. लोडची मोजणी एप्रिल-मे मध्ये रात्री 9 ते 11 या वेळेत व्हावी, असा ठराव घ्या. जानेवारीच्या दुपारी घेतलेल्या रीडिंगवर डीपीची क्षमता ठरवली तर मे मध्ये ती पुन्हा जळणारच. तेलाची पातळी आणि फ्यूज तपासून घ्यायचं काम फेब्रुवारीतच उरका, कारण उन्हाळ्यात एकाच आठवड्यात तालुक्यातल्या बऱ्याच डीपी जातात आणि मग बदली डीपीसाठी नंबर लागतो.