मुकी गाडी आणि महाग सल्ला

वाशिम, रिसोड, कारंजा या गावांतील व्यापारी कुटुंबांत मोटार ही दुकानाचाच एक भाग होऊन बसली आहे. आडतीवरील भावाचे फोन, अकोल्या-नागपूरचे निरोप, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास जाताना लावलेली स्तवने, हे सारे गाडीतील एकाच यंत्रणेतून ऐकू येते. ती एके दिवशी मुकी झाली की पहिला सल्ला मिळतो, ‘पूर्ण सिस्टीम बदला.’ हा सल्ला महाग असतो आणि पुष्कळदा चुकीचाही.

जुन्या गाडीतला रेडिओ एकटा राहत असे. आजच्या गाडीत ध्वनियंत्रणा, स्टिअरिंगवरील बटणे, मागचा कॅमेरा, वेग दाखविणारी तबकडी ही सर्व मंडळी परस्परांशी संदेशांची देवघेव करीत असतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडलेल्या ‘कॅन’ पद्धतीत ही देवघेव एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून चालते.

कारागीर स्कॅनर लावतो आणि पडद्यावर ‘यू ०१८४’ असा संकेत उमटतो. त्याचा अर्थ, रेडिओशी संपर्क तुटला. फसगत होते ती येथेच. ही नोंद रेडिओने केलेली नसते; रेडिओकडून उत्तर आले नाही, अशी ती दुसऱ्या एखाद्या घटकाची तक्रार असते. उगाईच्या पत्राला उत्तर आले नाही, एवढ्यावरून कोणी समोरची पेढी बुडाली असे धरून चालत नाही. पत्र वाटेतही हरवले असेल.

म्हणून आधी वाट तपासावी. बॅटरी अशक्त नाही ना, फ्यूज उडालेला नाही ना, अर्थच्या तारेचा बोल्ट सैल किंवा गंजलेला नाही ना, कनेक्टर नीट बसला आहे ना, हे पाहण्यास फार खर्च येत नाही. बाहेरून नवा स्टिरिओ बसविताना तारा कापून चिकटपट्टीने जोडल्या असतील, तर संशय प्रथम त्या जोडावर घ्यावा.

त्यानंतर मल्टिमीटर. बॅटरी सोडवून, थोडा वेळ थांबून, त्या दोन तारांमधील रोध मोजावा. दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रोधक असल्याने आकडा ६० च्या आसपास यावयास हवा. १२० आला तर एका टोकाची वाट तुटलेली. शून्याजवळ आला तर दोन्ही तारा कोठेतरी एकमेकींना चिकटलेल्या. पिवळ्या आवरणाच्या तारा बहुधा एअरबॅगच्या असतात, त्यांना घरी हात लावू नये. काही महागड्या गाड्यांत तारांऐवजी प्रकाशतंतूचे कडे असते. तेथे मल्टिमीटर निरुपयोगी, आणि एक दुवा निखळला तरी सारे कडे मुके होऊ शकते.

नवे यंत्र विकत घेण्यापूर्वी कारागिराला इतकेच विचारावे, ‘जुन्या यंत्रापर्यंत वीज व संदेश पोहोचतात, हे मोजून पाहिले काय?’ उत्तर गुळमुळीत आले तर पैसे मोजण्याची घाई करू नये.

सोयाबीन-तुरीच्या गोदामाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत आणखी एक कारण संभवते: उंदीर. जैन घरात विषाचा विचार होणार नाही. त्याची गरजही नाही. गाडी पोत्यांपासून दूर लावावी, आत खाद्याचे कण राहू देऊ नयेत, बॉनेट अधूनमधून उघडून पाहावे आणि गाडी आठवडाभर एका जागी उभी ठेवू नये.