पेढे वाटण्याआधी पत्र वाचा

नाशिकच्या कॉलेज रोडवर आणि गंगापूर रोडवर क्लासच्या पाट्यांच्या जोडीला परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांच्या पाट्याही आता दाटीने लागल्या आहेत. अर्ज कुठे करायचा, एसओपी कसा लिहायचा, व्हिसाच्या मुलाखतीत काय बोलायचं, हे सगळं तिथे शिकवतात. ऍडमिट आल्यावर हातात दोन-तीन पत्रं असताना निवड कशी करायची, एवढं मात्र सहसा राहून जातं. तो प्रश्न आपल्याकडे येतो. मार्च-एप्रिलमध्ये भाच्याचा फोन येतो, "मामा, यातली कुठली युनिव्हर्सिटी चांगली?" आणि वर्षानुवर्षं अमेरिकेत राहिलेले आपण, कानावर पडलेल्या नावांवरून उत्तर देऊन मोकळे होतो.

हे आपण थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ऍडमिट आल्यानंतर विद्यापीठाच्या नावापेक्षा पैशाचा कागद जास्त काळजीने वाचायला हवा.

तो वाचायची सवय नाशिकच्या घरात नाही, आणि त्यात त्या घराचा दोष नाही. महाराष्ट्रात मदत विद्यार्थ्याच्या मागे जाते, कॉलेजच्या नाही. कॉलेजचं शुल्क ठरवायला शुल्क नियामक प्राधिकरण आहे. सवलत मिळते ती उत्पन्नाच्या आणि प्रवर्गाच्या दाखल्यावर. २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश फेरीतून) प्रवेश घेतलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क माफ झालं. प्रवेश पुण्यात घ्या, जळगावला घ्या, नियम एकच. म्हणून आईवडील आधी कॉलेज ठरवतात आणि मग महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर सवलतीचा अर्ज भरतात. अमेरिकेत हा क्रम उलटा पडतो. तिथे प्रत्येक पत्रातला पैसा वेगळा, त्याची अट वेगळी, आणि कॉलेज ठरवण्याचं निम्मं कारण तेच असायला हवं.

एक हिशेब करू. समजा, एका खासगी विद्यापीठाचं वर्षाचं शुल्क ५२,००० डॉलर आहे आणि त्यांनी १५,००० डॉलरची स्कॉलरशिप दिली आहे. दुसऱ्या, सरकारी विद्यापीठाचं शुल्क ३०,००० डॉलर आणि स्कॉलरशिप शून्य. पेढे पहिल्या पत्राचे वाटले जातात. व्हॉट्सॲपवर "स्कॉलरशिप मिळाली" असं झळकतं, आजी देवापुढे साखर ठेवते. पण भरायचे ३७,००० आहेत, आणि दुसरीकडे ३०,००० च. सवलत किती हे बघण्याआधी शिल्लक किती भरायचं हे बघावं, एवढं साधं आहे हे. तरी दर वर्षी चुकतं, कारण स्कॉलरशिपमुळे मुलाचा गौरव झाल्यासारखं वाटतं.

सरकारी विद्यापीठांत तर छोटी रक्कमही कधी मोठं काम करते. टेक्सासमध्ये राज्याच्या कायद्यानुसार, सरकारी विद्यापीठाची स्पर्धेतून मिळालेली किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती असेल, तर बाहेरच्या विद्यार्थ्याला राज्यातल्या विद्यार्थ्याचं शुल्क लागू होऊ शकतं. हजार डॉलर पाहून नाक मुरडणाऱ्या घराने ही ओळ वाचलेली नसते. उलट टीए-आरए मिळून "ट्यूशन माफ" झालेल्या मुलाला विद्यापीठाची इतर फी आणि आरोग्य विमा वेगळा भरावा लागू शकतो. आय-२० वरचा खर्चाचा आकडाही नीट पाहावा. तो किती महिन्यांचा आहे ते तिथेच लिहिलेलं असतं, आणि तो बहुधा एका वर्षाचा असतो. एमएस दोन वर्षांचं असलं, तर तो आकडा म्हणजे अर्धाच खर्च.

अटी वाचण्याचा धडा आपल्याच इतिहासात आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबियासाठी शिष्यवृत्ती दिली. हे सयाजीराव मूळचे आपल्या मालेगावजवळच्या कवळाण्याचे. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी, असा करार होता. रक्कम, मुदत, बंधन, तिन्ही गोष्टी कागदावर. मुदत संपली तेव्हा १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज यांच्या बळावर. बाबासाहेबांसारख्या माणसालाही मुदतीची ओळ चुकली नाही. मग आपल्या भाच्याची स्कॉलरशिप दुसऱ्या वर्षी चालू राहणार का, किती जीपीएला बंद होणार, हे विचारायला आपल्याला संकोच का वाटावा?

उरतं कर्ज. पत्रात "मदत" म्हणून दाखवलेल्या आकड्यात कर्ज मिसळलेलं असेल, तर ते आधी वेगळं काढावं. नाशिकची बरीच घरं त्यासाठी फ्लॅट तारण ठेवतात. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराची अडचण आणखी मोठी, कारण शेतजमीन बँका शैक्षणिक कर्जाला सहसा तारण म्हणून घेत नाहीत. शिक्षण चालू असताना सहसा हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. शिवाय २०१४ च्या सुमारास साठीत असलेला डॉलर २०२२ मध्ये ऐंशीच्या वर गेला. कर्ज रुपयांत मंजूर होतं आणि दुसऱ्या वर्षाची फी डॉलरमध्ये भरायची असते. नोकरीचं गणित ओपीटीच्या एका वर्षावर, स्टेम असेल तर आणखी दोन वर्षांवर, आणि मग एच-१बीच्या लॉटरीवर. एवढ्या अनिश्चिततेवर वडिलांचं घर ठेवायचं, तर कमी खर्चाचं पत्र निवडणं हाच शहाणपणा.

जर्मनीचा पर्याय सल्लागारांकडून कमी ऐकू येतो. तिथल्या सरकारी विद्यापीठांकडून त्यांना सहसा कमिशन मिळत नाही, हे त्याचं एक कारण असावं. बहुतेक राज्यांत ट्यूशन नाही. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी सुरू केली. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी ठेवायचे राहण्याच्या खर्चाचे पैसे मुलाचेच असतात, ते दरमहा त्याला परत मिळतात.

नावाला किंमत नाही, असं मी म्हणत नाही. पीएचडी करायची असेल तर विभाग आणि प्राध्यापक पाहावेच लागतात. पण एमएस करून नोकरी धरायची असेल, तर सिलिकॉन व्हॅलीतच असलेलं सॅन होजे स्टेट हे सरकारी विद्यापीठ रँकिंगवाल्या दूरच्या नावापेक्षा जास्त उपयोगी ठरू शकतं. क्रमवारीच्या यादीत हप्त्याचा रकाना नसतो.

घाईही करू नये. फेलोशिप किंवा असिस्टंटशिपसह आलेल्या पदव्युत्तर प्रस्तावाला १५ एप्रिलच्या आत उत्तर देण्याची सक्ती करू नये, असा काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव अनेक विद्यापीठांनी मान्य केला आहे. तोवर विभागाला नम्र ईमेल लिहून, दुसऱ्या विद्यापीठाने काय देऊ केलं आहे ते कळवून, आणखी काही शक्य आहे का, असं विचारता येतं. नाशिकच्या मुलाला हा उद्धटपणा वाटतो. तो उद्धटपणा नाही, हे त्याला आपणच सांगायला हवं.

आपल्या इथल्या मंडळाने मार्च-एप्रिलमधले दोन शनिवार यासाठी राखून ठेवावेत. व्हिडिओ कॉलवर नाशिकची घरं आणि इथले आपण, समोर ती पत्रं, आणि प्रत्येक पत्राचा पूर्ण अभ्यासक्रमाचा हिशेब. यात मदत करायला जे तयार असतील, त्यांनी फेब्रुवारी संपायच्या आत कार्यकारिणीकडे नाव द्यावं.